चिमणीचे दात

शेळीनं पुढचे दोन्ही पाय काउंटरवर टेकले आणि खोकल्याच्या गोळ्यांची बरणी हुंगली, तेव्हा शैलजा मगदूमला वाटलं, बास झालं आता. उद्यापासून शटर खाली.

गडहिंग्लजच्या बाजारपेठेत तिचं औषधांचं दुकान होतं, मगदूम मेडिकल्स. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही की लोक चिठ्ठी घेऊन तिच्याकडे यायचे. कुणाला कशाची ॲलर्जी, कुणाच्या सासूबाई बीपीची गोळी गुपचूप कुंडीत टाकतात, हेसुद्धा तिला ठाऊक. असं सगळं हातात बसलेलं असताना, पन्नाशी उलटल्यावर, ही शेळी नशिबी आली.

झालं होतं असं, की खेड्यापाड्यांत जनावरांचे डॉक्टर पुरेनासे झाले. मग सरकारनं फर्मान काढलं, माणसांच्या औषधदुकानदारांनीच आता पशुऔषधं शिकावीत, परीक्षा द्यावी आणि दुकानात एक यंत्र ठेवावं. यंत्र म्हणजे मिक्सरएवढी पांढरी पेटी. जनावराच्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची, त्यानं ती चाटली की पेटीत सरकवायची. लाळेतल्या पेशी वाचून पेटी ओळखायची की हा प्राणी कोण, त्याचं वय काय, आणि मुख्य म्हणजे त्याचं लिव्हर कुठलं औषध किती वेगानं फोडणार. मग त्या एकाच जनावरापुरती गोळी तिथल्या तिथं छापून बाहेर. कंपनीनं यंत्राला इंग्रजीत भलंमोठं नाव दिलं होतं. गडहिंग्लजकरांनी त्याची आठवडाभरात 'चाटपट्टी' करून टाकली.

शिकवायला होत्या डॉ. नसीम मुल्ला. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात साऱ्या तालुक्याचा व्याप एकट्या ओढणाऱ्या बाई. आवाज कधी चढायचा नाही, पण समोरच्याची हजेरी घ्यायच्या.

"मांजराला ताप आलाय. काय द्याल?" त्यांनी पहिल्याच तासाला विचारलं.

शैलजा फुशारकीनं म्हणाली, "पॅरासिटामॉल. वजनाच्या हिशेबानं, अगदी कणभर."

"मेलं तुमचं मांजर," डॉ. मुल्ला शांतपणे म्हणाल्या.

शैलजाचा चेहरा खर्रकन उतरला. एवढ्या वर्षांत तिच्या हातून कुणी मेलं नव्हतं, आणि इथं पहिल्या मिनिटात मांजर गेलं.

डॉ. मुल्लांनी मग समजावून सांगितलं. शरीराला नको झालेलं औषध बाहेर काढायचं काम लिव्हरचं. माणसाचं लिव्हर पॅरासिटामॉलला साखरेचा एक रेणू चिकटवतं आणि त्याची लघवीवाटे पाठवणी करतं. मांजराच्या लिव्हरला हे चिकटवणंच नीट जमत नाही. औषध आत अडकतं, त्याचं विष होतं, रक्त चॉकलेटी पडतं. मेंढ्या राखणारी काही विलायती कुत्री असतात, त्यांना जंतांचं साधं औषध थेट मेंदूत चढतं. कोंबडीला जे खाद्यातून रोज चालतं, ते घोड्याच्या पोटात गेलं की घोडा आडवा.

"तेव्हा शैलाताई, वजनाचा हिशेब विसरा. मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे, आणि माणूस म्हणजे मोठा कुत्रा नव्हे."

शैलजाला तेव्हा हसू आलं. माणूस म्हणजे मोठा कुत्रा नव्हे, हे काय शिकवायला लागतं होय?

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. जनावरांची प्रत्येक गोळी कायद्यानं जांभळी असते. माणसांच्या गोळ्यांत मिसळू नये म्हणून, आणि जीभ तासभर जांभळी राहते म्हणूनही. गोळी गिळली की थुंकली, हे गाय थोडीच सांगणार आहे? जीभ बघायची, झालं.

शैलजानं नेटानं अभ्यास केला आणि परीक्षा पास झाली. शेळ्या, मेंढ्या, पोपट, झालंच तर एकदा सर्कशीतला म्हातारा उंट, सगळ्यांनी तिची पट्टी चाटली. आणि खरं सांगायचं तर तिला त्यात मजा वाटायला लागली. रोज काहीतरी नवीन कळत होतं, आणि ही गिऱ्हाइकं निदान गुगलवर वाचून वाद घालत नव्हती.

पण घरी गेली की ही मजा उंबऱ्याबाहेर राहायची, कारण घरी आक्का होती.

आक्का म्हणजे शैलजाची थोरली बहीण, कलावती. एस.टी.त कंडक्टर होती. आईवडील लवकर गेले, तेव्हा शैलजा अजून झबल्यात होती म्हटलं तरी चालेल. आक्कानं तिला वाढवलं, शाळेत घातलं, फार्मसी कॉलेजची फी भरली. चंदगडच्या फेरीवर गेली की येताना काहीतरी आणायची. बिस्किट असो, पेपरमिंट असो, वडीचा तुकडा असो. आणलेलं एकच असायचं. मग आक्का ते पदरात धरायची, चिमणीच्या दातांनी कुट्टकन तोडायची आणि अर्धं शैलजाच्या हातावर ठेवायची. "धर. उष्टं न्हाई."

आक्काचे यजमान लवकर वारले, तेव्हापासून दोघी बहिणी आणि आक्काचा मुलगा उमेश एकाच घरात राहत होते. उमेश हायस्कूलात चित्रकला शिकवायचा. आणि चौथा होता डबल.

डबल हा कुत्रा. एस.टी. स्टँडवर गाडीखाली सापडलेलं पिल्लू. आक्कानं त्याला उचलून गाडीत घेतलं आणि निघायची डबल बेल मारली, तर पिल्लू बेलच्या सुरात भुंकलं. नाव तिथंच पडलं. आता तो इतका म्हातारा झाला होता की मिशा पांढऱ्या, डोळ्यांवर धुकं.

आक्काचं विसरणं हळूहळू आलं. आधी चष्मा, मग गॅस, मग शेजाऱ्यांची नावं. नंतर एके दिवशी तिनं शैलजालाच विचारलं, "तुमचं तिकीट झालं का, बाई?" शैलजा हो म्हणाली, मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, डबललाही तेच झालं. तो कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभा राहायला लागला. दार उघडलं तर बिजागरीच्या बाजूनं बाहेर पडायला बघायचा. डॉ. मुल्लांनी तपासलं आणि म्हणाल्या, "यालाही म्हातारपणचा विसरभोळेपणा लागलाय. पण याच्यासाठी औषध आलंय, शैलाताई."

औषधाचं नाव होतं स्मरोल. म्हातारपणी मेंदूत प्रथिनांचा गाळ साचत जातो. तो उपसणाऱ्या पेशी मेंदूत जन्मापासूनच असतात, पण वय झालं की त्याही सुस्तावतात. स्मरोल त्यांना हलवून उठवतं आणि कामाला लावतं. कुत्र्याचं म्हातारपण दोन-तीन वर्षांत उरकतं, म्हणून गुण आला की नाही ते पटकन कळलं आणि परवानगीही पटकन मिळाली. माणसाचं म्हातारपण लांबलचक. माणसांवरच्या चाचण्या आत्ता कुठं सुरू व्हायच्या होत्या. त्यातली एक मिरजेच्या एका रुग्णालयात. शैलजानं धावपळ करून आक्काचं नाव तिथं लावलं, आणि ते मंजूरही झालं. अट एकच होती, याआधी हे औषध पोटात गेलेलं नको. आणि तिथं तरी काय, निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना नुसती साखरेची गोळी. कुणाला काय, हे डॉक्टरांनाही कळणार नाही.

"म्हणजे कुत्र्याला औषध, आणि आईला चिठ्ठ्या टाकून?" उमेश जेवता जेवता म्हणाला. ताटातला घास तसाच राहिला होता.

"उमेश, अरे ते कुत्र्याच्या लिव्हरसाठी बनवलंय."

"मावशी, यंत्र तुझ्या दुकानात आहे. गोळी तू छापतेस. आई रोज थोडी थोडी हातातून चाललीय, आणि तू मला लिव्हर सांगतेस!"

  त्याच्या जागी शैलजा असती तर हेच बोलली असती.

तिच्याकडं हेच मागणारा उमेश एकटा नव्हता. स्मरोलची बातमी गावात पसरली आणि म्हाताऱ्या कुत्र्यांचे दिवस पालटले. ज्यांना कालपर्यंत लोक दगड मारत होते, त्यांना आज पट्टे आले. निवृत्त मुख्याध्यापक कित्तूर सर एका खरजुल्या कुत्र्याला दोरी बांधून दुकानात आले.

"याला विसर पडायला लागलाय हो. माझा फार लाडका आहे."

"नाव काय म्हणालात याचं?"

सर अडखळले. "मोत्या."

"मोत्या," शैलजानं हाक मारली. कुत्र्यानं कान हलवला नाही. तेवढ्यात रस्त्यापलीकडून चहावाला ओरडला, "ए राजा! तिकडं कुठं गेलास रं?" आणि मोत्या दोरीसकट सरांना ओढत चहाच्या गाड्याकडं गेला.

शैलजा हसली खरी, पण मग तिला सरांची पत्नी आठवली. त्या पूर्वी दुकानात यायच्या, आता येत नव्हत्या. माणसं चोर नसतात, घाबरलेली असतात. तरीही तिनं सरांना गोळी दिली नाही. कुणालाच दिली नाही. आणि म्हणूनच घरातही देता येत नव्हती. ज्या तोंडानं सरांना नाही म्हटलं, त्याच तोंडानं आक्काला कसं हो म्हणायचं?

डबलची गोळी मात्र सुरू झाली. गोळी कडू जहर होती, डबल थुंकून टाकायचा. शैलजानं क्रीमच्या बिस्किटात ती चुरून भरायला सुरुवात केली. आणि डबल तर फक्त आक्काच्या हातून खायचा. तेव्हा सकाळी दुकानाला निघताना ती बिस्किट आक्काच्या हातात द्यायची, "आक्का, एवढं कुत्र्याला घाल," म्हणायची आणि चपला घालायची. पहिले काही दिवस चपला घालून झाल्यावर तिनं डबलची जीभ पाहिली. मस्त जांभळी होती. मग ती निर्धास्त झाली.

महिनाभरात डबल भिंतीकडं तोंड करायचा थांबला. दाराच्या बरोबर बाजूनं बाहेर पडायला लागला. आणि एका सकाळी तो आक्कासमोर जाऊन उभा राहिला, तिच्याकडं नीट बघितलं, आणि त्याला ती सापडली. शेपूट अशी हलायला लागली की मागचं सगळं अंग हलत होतं. तो कुईकुई करत तिच्या मांडीवर डोकं घासायला लागला.

आक्कानं शांतपणे त्याच्याकडं बघितलं. "कुणाचं कुत्रं म्हणायचं हे?"

 उमेश उठून बाहेर गेला.

त्या दिवशी दुकानात शैलजा पेटीसमोर बराच वेळ उभी होती. एक गोळी, फक्त एक. डबलच्या नावानं छापायची. हात पुढं गेलाही. पण मांजराचं चॉकलेटी रक्त डोळ्यांसमोर आलं. तिनं हात मागं घेतला आणि स्वतःचाच तिला मनस्वी राग आला.

नंतरचे दिवस मात्र विलक्षण गेले. हळूहळू आक्काच्या बोलण्यात धागा लागायला लागला. तिनं चहात साखर कमी असल्याची तक्रार केली, आणि साखर खरंच कमी होती! एकदा तिनं उमेशला विचारलं, "केस का एवढे वाढवलेस? शाळेत सोडतात तसं?" आणि एका सकाळी, शैलजा चपला घालत असताना, मागून स्वच्छ आवाज आला, "शैला, आज दुकान उशिरा उघडणार हायेस व्हय?"

शैला. किती महिन्यांनी!

शैलजानं वळून आक्काला मिठीच मारली. "अगं, सोड की, येड लागलं काय तुला," आक्का म्हणाली. पाठोपाठ तिनं अंगणात हाक मारली, "डबल! इकडं ये रं!"

शैलजानं ह्याचं श्रेय आपण रोज भिजवून देत असलेल्या अक्रोडांना दिलं. उमेशनं स्वतःला दिलं, कारण त्यानं पडवीच्या भिंतीवर चंदगड मार्गाचे सगळे थांबे रंगवले होते, महागाव, नेसरी, अडकूर, प्रत्येक थांब्यावर एक झाड आणि एक माणूस, आणि आक्का त्यांच्यावरून बोट फिरवत ते म्हणायची. दोघांची यावरून लुटुपुटुची भांडणं व्हायची. घरात कितीतरी दिवसांनी भांडणाचा हसरा आवाज होता. मिरजेला जायचा दिवसही जवळ येत होता.

डबलला दुकानात आणवून डॉ. मुल्लांनी तपासलं, ते मात्र कपाळाला आठी घालून. "सुधारलाय, पण अडकलाय कुठंतरी. एव्हाना याहून पुढं जायला हवा होता. पट्टी चाटवा बघू."

लाळेतलं औषध मोजून पेटीनं उत्तर दिलं, औषध पोचतंय, पण अर्धंच.

"अर्धी गोळी कुठं जातेय, शैलाताई?"

शैलजाच्या डोक्यात एकच नाव आलं. ती घरी पोचली तेव्हा उमेश रंगांचे ब्रश धूत होता.

"तू आईला गोळी देतोस?"

"काय?"

"डबलची अर्धी गोळी तू काढून घेतोस आणि आक्काला देतोस. खरं सांग. म्हणूनच तिला फरक पडलाय."

उमेशनं ब्रश खाली ठेवले. "मावशी, मी मागितलं होतं. तुझ्या तोंडावर मागितलं होतं. चोरायचं असतं तर मागितलं असतं का?" त्याचा आवाज फुटला. "तू मला चोर म्हणतेस?"

तो त्या दिवशी जेवला नाही. शैलजाही नाही. आक्का मात्र दोघांना "काय झालंय रं तुमाला, तोंडं का अशी एरंडेल प्यायल्यासारखी?" म्हणून विचारत राहिली, आणि हे विचारण्याइतकी ती शुद्धीवर होती हेच शैलजाला जास्त लागत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं रोजच्यासारखं बिस्किट आक्काच्या हातात दिलं, चपला घातल्या, फाटक वाजवलं आणि मागच्या दारानं येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. उमेशला रंगेहाथ पकडायचं होतं. मनातून मात्र तो येऊ नये असंच तिला वाटत होतं.

उमेश आला नाही.

आक्का पडवीत बसली होती. डबल समोर जीभ काढून. आक्कानं बिस्किट बघितलं, उजेडाकडं धरून जरा फिरवलं. मग पदराचं टोक ओढलं, बिस्किट त्यात नीट गुंडाळलं, तोंडाशी नेलं आणि चिमणीच्या दातांनी कुट्टकन तोडलं. एक अर्धुक डबलच्या तोंडात. दुसरं स्वतःच्या.



शैलजा पडवीत आली. आक्काच्या पदराचं टोक हातात घेतलं. गर्द निळ्या लुगड्यावर सहज दिसू नये असे, पण होतेच, जांभळे ठिपके. जुने, नवे, एकावर एक.

"आक्का, जीभ दाखव."

"का गं? मी काय डाक्टरकडं आलेय?"

"दाखव ना."

आक्कानं लहान पोरीसारखी जीभ बाहेर काढली. जांभळाच्या झाडाखाली बसून आल्यासारखी जांभळी होती.

गोळी उमेशनं दिली नव्हती. कुणी चोरलीही नव्हती. शैलजानं स्वतःच्या हातानं, रोज सकाळी, आक्काच्या हातावर ठेवली होती. आणि तिला हे कळायला हवं होतं. जगात इतर कुणाला नाही तरी तिला कळायला हवं होतं, कारण त्या अर्ध्या तुकड्यांवरच तर ती लहानाची मोठी झाली होती.

डॉ. मुल्लांना तिनं फोन करून घडलेलं सांगितलं. मग त्या हळू म्हणाल्या, "नावं, चेहरे मेंदूच्या एका भागात असतात, तो आधी ढासळतो. हातांच्या सवयी दुसरीकडं असतात, त्या शेवटपर्यंत तग धरतात. आपण दोघींनी गोळीचा विचार केला, शैलाताई, हाताचा नाही केला. आता आधी त्यांचं रक्त तपासा."

रक्ताचा निकाल आला. आक्काचं लिव्हर सुजलं होतं. कुत्र्याचं लिव्हर जे औषध सहज फोडतं, ते आक्काच्या लिव्हरमध्ये अडकून बसत होतं. अजून वेळ गेली नव्हती, पण गोळी चालू राहिली असती तर गेली असती. माणूस म्हणजे मोठा कुत्रा नव्हे.

संध्याकाळी शैलजानं उमेशसमोर सगळं मांडलं. आधी ती म्हणाली, "माझं चुकलं रे. तुला तसं बोलायला नको होतं." उमेशनं नुसती मान हलवली. मग निकालाचा कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि बराच वेळ भिंतीवरच्या थांब्यांकडं बघत बसला.

"गोळी बंद केली की ती परत पहिल्यासारखी होणार?"

"होईल. हळूहळू."

"आणि मिरज?"

 मिरजेची अट शैलजाला पुरती माहीत होती. औषध थोड्या दिवसांत रक्तातून नाहीसं होणार होतं. सूजही उतरणार होती. जायची तारीख त्यानंतरची होती. मिरजेत कुणाला काही कळलं नसतं.

"सांगू नको, मावशी," उमेश म्हणाला. या वेळी आवाजात राग नव्हता, नुसती विनवणी होती. "एवढंच कर. गप्प राहा. तिला निदान अर्धी संधी तरी मिळू दे."

पडवीतून आक्काचा आवाज येत होता. ती डबलला सांगत होती की अडकूरला गाडी फार थांबत नाही, उतरायचं असेल तर पुढं येऊन उभं राहा.

शैलजानं फार विचार केला असं नाही. विचार तर तिनं त्या क्षणीच केला होता, जेव्हा आक्काच्या रक्ताचा निकाल बघितला. मिरजेला जी माणसं नाव लावून बसली होती, त्यांना पूर्ण गोळी मिळणार होती, अर्धी नव्हे. माणसाचं लिव्हर हे औषध अडवून धरतं, हे साऱ्या पंचक्रोशीत काय, त्या मिरजेच्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त इथल्या दोघा-तिघांना. तिथंही कुणाची तरी आक्का होती. कित्तूर सरांनी बायकोचंही नाव तिथंच लावलं होतं.

"उमेश, मला गोळ्या विकता येतात रे," ती म्हणाली, "पण हे गिळून बसता येणार नाही."

तिनं मिरजेला फोन लावला. सगळं सांगितलं, बिस्किटापासून पदरापर्यंत. पलीकडच्या डॉक्टरांनी पदर म्हणजे नक्की काय झालं ते दोनदा विचारलं. मग खूप प्रश्न विचारले, निकाल मागवला, आणि शेवटी आवाज मऊ करून म्हणाले की आक्कांना आता घेता येणार नाही, एक वर्ष तरी थांबावं लागेल. शैलजानं हो म्हटलं. आक्काच्या आजारात एक वर्ष म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पुढं असं झालं, की मिरजेची चाचणी थोडी लांबणीवर पडली. मात्रा बरीच खाली आणली गेली आणि दर आठवड्याला लिव्हर तपासायचं ठरलं. कित्तूर सर दुकानात आले तेव्हा या बदलाचं कारण त्यांना माहीत नव्हतं. ते आनंदानं म्हणाले, "आमच्या हिला घेतलं बरं का, मिरजेला." शैलजानं त्यांना पेढा द्यायला लावला, आणि खाल्लाही.

उमेश काही दिवस तिच्याशी कामापुरतं बोलायचा. मग एका संध्याकाळी त्यानं भिंतीवर नेसरीच्या थांब्यावर एक बाई रंगवली, हातात औषधाची पिशवी, कपाळावर शैलजासारखी आठी. "हे कोण रे?" तिनं विचारलं. "आहे एक खडूस बाई," तो म्हणाला. शैलजा हसली, तसा तोही हसला.

आक्का मात्र उतरत गेली. आधी साखरेची तक्रार थांबली. मग उमेशचे केस. 'शैला' सगळ्यांत शेवटी गेलं, नेमकं कोणत्या दिवशी ते शैलजाच्या लक्षातही आलं नाही. एवढंच लक्षात आलं की चपला घालताना मागून आवाज येत नाही.

आता डबलची गोळी ती स्वतः द्यायची. आधी तो तिच्या हातून घ्यायचा नाही, पण आठवण परतलेला हुशार कुत्रा तो. गुळाच्या खड्यात भरून दिल्यावर त्यानं तिलाही पदरात घेतलं. गोळी गिळून, जांभळी जीभ दाखवून झाली, की तो आक्कापाशी जाऊन बसायचा. तिला तो कोण हे आठवत नव्हतं. त्याला मात्र ती पक्की आठवत होती, आणि ती फाटकाबाहेर निघाली की तो पुढं होऊन तिला वळवून आणायचा.

एका सकाळी शैलजानं आक्काच्या हातात एक बिस्किट ठेवलं. साधं, आत काही नसलेलं. आक्कानं ते बघितलं, पदर ओढला, गुंडाळलं आणि कुट्टकन तोडलं. अर्धुक डबलला दिलं. उरलेलं तोंडाशी नेता नेता ती थांबली. चपला घालून उभ्या असलेल्या शैलजाकडं तिचं लक्ष गेलं.

"उभ्या का, बाई? जागा हाय की. बसा."

शैलजा तिच्याशेजारी बसली.

आक्कानं तिला न्याहाळलं. ओळखीचं काही सापडतंय का ते बघितलं, आणि सापडलं नाही. पण हातातल्या अर्धुकाकडं बघितल्यावर हातांना पुढचं ठाऊक होतं. पदराचं टोक पुन्हा वर आलं, चिमणीचे दात पुन्हा वाजले, आणि बिस्किटाचा नखाएवढा तुकडा शैलजाच्या तळव्यावर पडला.

"धर," आक्का म्हणाली. "उष्टं न्हाई."

शैलजानं तो तुकडा तोंडात टाकला आणि दुकान उघडायची वेळ होऊन गेली तरी तिथंच बसून राहिली.